पुढे जाण्यास मनाई

सोमवारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बंद असतं. फाटकावर तसं लिहिलेलं आहे, मोबाइलवर दिसतं, स्टेशनवरून आणणारा रिक्षावालाही सांगतो. तरी सोमवारी सकाळी बोरिवलीच्या मुख्य फाटकाशी डबे, सतरंजी आणि बॅडमिंटनच्या रॅकेट घेऊन दोन-चार कुटुंबं उभी असतातच. माझा कामाला जायचा रस्ता तोच, त्यामुळे तिथली हुज्जत मला जवळपास पाठ झाली आहे. "अहो, पार नालासोपाऱ्याहून आलोय." "उद्या या." "उद्या पोरांची शाळा आहे." मग एखादे आजोबा शेवटचं अस्त्र काढतात, "जंगलाला कसली हो साप्ताहिक सुट्टी? सलून आहे का ते सोमवारी बंद ठेवायला?"

दारावरचा माणूस यावर काही बोलत नाही. नुसता हसतो आणि साखळी नीट करतो.

आजोबांचा प्रश्न वाटतो तितका फाजील नाही. जंगलाला सुट्टी नसतेच. उद्यानाचं क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर. बोरिवलीपासून ठाण्याच्या येऊरपर्यंत, भांडुप-मुलुंडच्या डोंगरांपासून पार वसईच्या खाडीपलीकडच्या नागला भागापर्यंत ते पसरलेलं आहे. आपण ज्याला 'नॅशनल पार्क' म्हणतो, जिथे शाळेची सहल गेली होती आणि लग्न ठरल्यावर दोघांनी चक्कर मारली होती, तो या सगळ्याचा एक कोपरा आहे. त्याचं नाव कृष्णगिरी उपवन. सोमवारची सुट्टी खऱ्या अर्थाने त्या कोपऱ्याला असते. बाकीचं जंगल आपल्याला मंगळवारीही बंद, रविवारीही बंद.

जुन्या कोकणी घरात पाहुण्याचं सगळं कोडकौतुक ओटीवर व्हायचं. गूळपाणी, गप्पा, पान, सगळं तिथेच. माजघराच्या उंबऱ्याशी मात्र पाऊल आपसूक थांबायचं. उपवन ही वनविभागाची ओटी आहे. तलावात होड्या आहेत, वाघ-सिंहांची सफारी आहे, गांधी टेकडी आहे, निसर्ग माहिती केंद्र आहे. 'वनराणी' नावाची छोटी आगगाडीही तिथलीच. २०२१च्या तौक्ते वादळात तिच्या रुळांची वाट लागली आणि ती बंद पडली, तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी मोठ्या माणसांना सख्खं कुणीतरी आजारी पडल्यासारखं वाटलं होतं.

निसर्गप्रेमी म्हणवणाऱ्या माझ्या काही मित्रमैत्रिणींना ही ओटी आवडत नाही. राष्ट्रीय उद्यानात होड्या कशाला, पिंजऱ्याच्या गाडीतून वाघ कशाला दाखवायचा, कणीसवाले कशाला, असं त्यांचं म्हणणं. सफारीतले सिंह बोरिवलीचे नाहीतच, ते गुजरातेतून आणलेले, हेही ते ऐकवतात, आणि ते खरंही आहे. २०२२च्या अखेरीस जुनागढच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातून सिंहांची जोडी आली, बदल्यात इथून वाघांची जोडी तिकडे गेली. तरी मी होडीवाल्यांच्या बाजूची आहे. सव्वा कोट माणसांच्या शहरात लाखो लोक दर वर्षी या फाटकातून आत येतात. त्यांना गवतावर लोळायला, झाडाखाली डबा उघडायला, पोरांना मोकळं सोडायला जागा हवी असते. ती उपवनात मिळाली की ते संध्याकाळी खूष होऊन घरी जातात आणि शिलोंडा नावाच्या आतल्या भागाच्या पुढचं जंगल त्यांना हवंसंही वाटत नाही. ही ओटी नसती तर एवढी माणसं गेली कुठे असती, याचा विचार होडीला नावं ठेवणाऱ्यांनी करून बघावा.

या व्यवस्थेमागे बराच इतिहास आहे. तो मी झरझर सांगते, कारण गॅझेट वाचण्याची आवड सगळ्यांना नसते. मुंबई राज्याने राष्ट्रीय उद्यानांचा कायदा १९५०मध्ये केला. १९७४मध्ये हे 'बोरिवली राष्ट्रीय उद्यान' झालं, पुढे आजचं नाव आलं. पण इथलं जंगल टिकलं त्याचं पहिलं श्रेय वनविभागाच्याही आधी मुंबईच्या तहानेला जातं. शहराला पाणी पुरेना म्हणून १८६०च्या सुमाराला विहार तलाव बांधला गेला आणि १८७९मध्ये तुळशी. तलावात गाळ आणि घाण नको म्हणून भोवतालचे डोंगर मोकळे ठेवले गेले. आज शहराच्या पाण्यात या दोन तलावांचा वाटा अगदी किरकोळ आहे. मोठं पाणी येतं ते भातसा, वैतरणा वगैरेंकडून. पण त्या जुन्या गरजेने राखलेले डोंगर उरले. दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या मुंबईच्या चारही नद्यांचं पाणी याच डोंगरांवरून उतरतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा या नद्या आहेत ही गोष्ट निम्म्या मुंबईला पहिल्यांदा कळली.

त्यामुळे आत गेलं की कुठली गोष्ट कुणाच्या ताब्यात, याचा एक वेगळाच नकाशा आहे. जंगल राज्याच्या वनविभागाचं. तलाव महापालिकेचे. कान्हेरीची शंभरावर लेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची. म्हणून मुख्य फाटकावर तिकीट काढून, डोंगर चढून लेण्यांपाशी पोचलेल्या माणसाला दुसऱ्या खिडकीवर पुन्हा तिकीट काढावं लागतं, आणि तिथे सोमवारच्या हुज्जतीची दुसरी आवृत्ती ऐकायला मिळते. लेण्यांत दगडात खोदलेल्या पाण्याच्या पोढी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी पावसाचं पाणी पन्हाळींनी वळवून तिथे साठवलं होतं. पोढीवर वाकलेल्या पोराच्या हातातलं कुरकुऱ्याचं पाकीट आत पडलं, तर ते काढायची जबाबदारी पुरातत्त्व खात्याची. तेच पाकीट चार पावलं अलीकडे झुडपात पडलं, तर वनविभागाची.

वनविभाग म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर संचालक येतो. भारतीय वन सेवेतला, बातमीत ज्याचं म्हणणं छापून येतं तो. प्रत्यक्षात जंगल चालतं ते वनरक्षकावर. त्याच्याकडे एक बीट असतं, म्हणजे जंगलाचा ठरावीक तुकडा. तीन-चार बिटांवर वनपाल, त्यावर वनपरिक्षेत्र अधिकारी, ज्यांना सगळे 'आरएफओ साहेब' म्हणतात. वनरक्षकाबरोबर वनमजूर असतात. त्यांतले बरेच आजूबाजूच्या पाड्यांवरचे. हे लोक रोज काय करतात, असं मला बरीच वर्षं कुतूहल होतं. गस्त घालतात, हे ऐकून माहीत होतं. पण गस्त म्हणजे नेमकं काय?

एका जानेवारीत येऊरच्या बाजूला रीतसर परवानगी काढून आमचा लहानसा गट वनरक्षकाबरोबर फिरला, तेव्हा त्यातलं थोडं बघायला मिळालं. त्या दिवशी जाळरेषांचं काम चालू होतं. पावसाळ्यात वाढलेलं गवत डिसेंबरपर्यंत वाळून कोळ होतं. मार्च-एप्रिलात कुठे ठिणगी पडली तर आग डोंगरभर धावते. म्हणून त्याआधीच वाटांच्या आणि हद्दीच्या कडेने गवताचे पट्टे स्वतःहून जाळून टाकायचे, म्हणजे पुढे खरी आग आली तरी तिला ओलांडायला काही उरत नाही.

ऐकायला सोपं वाटतं. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी आधी गवत कापलेलं होतं. कापलेलं गवत मधे ओढून त्याचे लांबच लांब वरंबे केले होते. दोन वनमजूर हातात हिरव्या पानांच्या डहाळ्या घेऊन एका कडेला, दोघं दुसऱ्या कडेला. मागे पाण्याचा कॅन. पण तो प्यायचा, आगीवर ओतायचा नाही. वनरक्षकाने वाळकी पानं चुरून हवेत सोडली आणि ती कुठे जातात ते बघितलं. मग खिशातून काडेपेटी काढली. फाटकावर सिगारेट-काडेपेटी काढून घेणारं हेच खातं, हे माझ्या मनात आलंच. वरंबा पेटला तसा चौघंही त्याच्याबरोबर चालायला लागले. ज्वाळ बाहेर झुकली की डहाळीचा फटका, आत वळली की पुढे. कुणी पळत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. एका जागी वारा अचानक फिरला आणि हाताएवढी ज्वाळ पट्ट्याबाहेरच्या गवतात शिरली. चौघं एकदम तिच्यावर तुटून पडले. अर्ध्या मिनिटात तिथे काळा डाग उरला आणि एकाच्या पायजम्याला दोन भोकं पडली.

"आग बहुतेक वेळा कुठून लागते?" मी विचारलं.

"लागत नाही ताई, लावतात." विडीचं थोटूक, पार्टीनंतरची शेकोटी, कुणाला गवत साफ करून झोपडी टाकायची असते, कुणी नुसतंच गंमत म्हणून. मग वरंब्याकडे बघत तो म्हणाला, "आम्हाला लावायला परवानगी लागते, तेवढाच फरक."

येतायेता त्याने आम्हाला हद्दीची भिंत दाखवली. तिथे माणूस वाकून जाईल एवढं भगदाड होतं. पलीकडे वस्ती. ते बुजवलं की आठवड्यात पुन्हा पडतं, असं त्याचं म्हणणं. ही भिंत बिबट्याला अडवण्यासाठी बांधली आहे, अशी आमच्या सोसायटीतल्या अर्ध्या लोकांची समजूत आहे. तिथे उभं राहून बघितलं तर सहज कळतं की बिबट्याला ती उंची म्हणजे काहीच नाही. भिंत माणसासाठी आहे; डेब्रिजचा डंपर, प्लॉट पाडणारा दलाल आणि सकाळी डबडं घेऊन निघणारा, या तिघांसाठी. त्यातला तिसरा बिचारा नाइलाजाने जातो.

बिबट्याची गोष्ट आता आलीच आहे तर नीट सांगते. या खात्याने गेल्या वीस वर्षांत काही शिकलं असेल, तर ते बिबट्यानेच शिकवलं.

या शतकाच्या सुरुवातीची ती वर्षं वाईट होती. उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांमध्ये हल्ले होत होते, आणि २००४च्या जूनमध्ये तर लाटच आली. माणसं मेली, बरीचशी लहान मुलं. त्या काळात ठरलेला उपाय एकच होता: पिंजरा लावा, बिबट्या धरा, लांब नेऊन सोडा. लोकांना तेच हवं असायचं, राजकारण्यांना तेच, आणि खात्यालाही पिंजऱ्यासोबत फोटो काढला की काम झाल्यासारखं वाटायचं. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यातही तेच चाललं होतं. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नरचा नीट अभ्यास केला, तेव्हा आढळलं ते उलटंच. बिबटे धरून दुसरीकडे सोडायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले कमी झाले नाहीत, वाढले. आपल्या जागेवरून उचललेलं, पिंजऱ्यात बिथरलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं, तर ते आणखी काय करणार? आणि त्याची मोकळी झालेली जागा फार दिवस मोकळी राहत नाही, दुसरा येतो.

२०११मध्ये वनविभागाने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्क) हा उपक्रम सुरू केला. त्यात अत्रेय होत्या, शहरातले कार्यकर्ते होते, पत्रकार होते, पोलिसांनाही सामील करून घेतलं होतं. पुढे २०१५मध्ये कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावून मोजणी झाली. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे, त्यावरून ओळख पटवतात. उद्यान आणि आरेसारखा लगतचा भाग मिळून ३५ बिबटे मिळाले. एवढ्याशा जागेत एवढे बिबटे जगात फारच थोड्या ठिकाणी आहेत. त्यांच्या पोटात काय जातं, तेही तपासलं गेलं. चितळ-सांबर होतेच, पण आपल्या गल्लीतली भटकी कुत्री हाही त्यांच्या जेवणातला चांगला मोठा हिस्सा निघाला.

हे सगळं वाचून माहीत असणं वेगळं, आणि आपल्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसणं वेगळं. आमच्याकडे तो रात्री दोनच्या पुढे आला. मागच्या भिंतीवरून उतरला, मीटरबॉक्सच्या बाजूने सावकाश चालत गेला आणि वॉचमनच्या खुर्चीखाली झोपणारं कुत्रं उचलून आल्या वाटेने परत. वॉचमन खुर्चीत नव्हता, हा त्या कुत्र्याचा दोष. सकाळी सातपर्यंत क्लिप सगळ्या ग्रुपांवर फिरली आणि आठ वाजता चेअरमननी तातडीची मीटिंग लावली. पिंजरा पाहिजे, यावर एरवी पार्किंगवरून एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन विंगांचं एकमत झालं. कुणीतरी १९२६ला, वनविभागाच्या हेल्पलाइनला, फोन लावला.

दुपारी एक वनपाल आणि दोन पोरं आली. वनपाल साधारण चाळिशीचा, खांद्यावर पट्टी, हातात वही. त्याने क्लिप बघितली, भिंत बघितली, मग विचारलं, "कचऱ्याची गाडी किती वाजता येते?"

"अहो, आम्ही बिबट्याबद्दल बोलतोय," सेक्रेटरी म्हणाले.

"मी पण त्याच्याबद्दलच बोलतोय, साहेब."

मग तो आम्हाला सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात घेऊन गेला. तिथे आदल्या रात्रीचा ओला कचरा उघड्या डब्यातून सांडलेला होता. समोरच्या चायनीजच्या गाडीवरची हाडं. त्याभोवती सहा कुत्री. "हे त्याचं हॉटेल," वनपाल म्हणाला. कचरा रात्रीचा बाहेर ठेवू नका. मागच्या बाजूला दिवे लावा. पोरांना अंधार पडल्यावर एकटं खाली सोडू नका. दिसला तर घेरू नका, मोबाइल घेऊन मागे जाऊ नका, त्याला निघायची वाट मोकळी ठेवा. पिंजरा मी लावू शकत नाही. बिबट्या धरायचा तर वन्यजीव कायद्याने मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते, ती नागपूरहून येते, आणि त्याने कुणा माणसाला काही केलेलं नसताना ती मागायचं कारणही नाही. हा बिबट्या तुम्हाला ओळखतो. याला नेला तर जो नवा येईल तो ओळखत नसेल.

दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका फार चिडले. "म्हणजे तुमचं काम आम्ही करायचं?"

"निम्मं," वनपाल म्हणाला, आणि वहीत आमच्या सेक्रेटरींची सही घेतली.

मला ते उत्तर आवडलं. पण त्यातला दुसरा निम्मा भाग सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही, हेही खरं. आमच्याकडे दिवे लावायला सोसायटीचा फंड आहे, वॉचमन आहे, संडास घरात आहेत. २०२१च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आरे वसाहतीत लागोपाठ हल्ले झाले, पुढच्या वर्षी तिथे ऐन दिवाळीत एक तान्हं मूल गेलं. तिथे वनविभागाने पिंजरे लावले, बिबट्या धरला, आणि ते बरोबरच होतं. अंधाऱ्या वाटेने संडासला जाणाऱ्या बाईला सहजीवनावर व्याख्यान देणं हा आचरटपणा आहे. आधी दिवा द्या, मग बोला.

इथून गोष्ट अवघड होत जाते. वनविभागाने अडवलेल्या माणसांत सगळ्यात जास्त किंमत ज्यांनी मोजली, ते सोमवारी परत जाणारे नालासोपाऱ्याचे काका नव्हेत. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने १९९५मध्ये उच्च न्यायालयात याचिका केली, आणि १९९७मध्ये न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ची मुदत ठरली. त्याआधीपासून राहत असल्याचं दाखवता आलं आणि सात हजार रुपये भरले, तर दुसरीकडे घर मिळणार. उरलेल्यांच्या झोपड्या पाडल्या. सरकारी भाषेत ही मोठी यशोगाथा आहे आणि जंगलाच्या बाजूने बघितलं तर ती खरीच आहे. ते झालं नसतं तर आज मालाडपासून दहिसरपर्यंतचे डोंगर पत्र्यांनी झाकलेले असते. हजारो कुटुंबांना चांदिवलीला घरं मिळाली.

पण हजारोंना मिळाली नाहीत. पैसे भरले, पावती जपून ठेवली, आणि वाट बघत ती माणसं डोंगराच्या कडेलाच राहिली. जुलै २०१९च्या सुरुवातीला, मुसळधार पावसाच्या रात्री, मालाडच्या पिंपरीपाडा-आंबेडकरनगरात पालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत कोसळली आणि तिच्यामागचं पाणी झोपलेल्या घरांवरून गेलं. तीसच्या आसपास माणसं मेली. त्या वस्तीत सात हजारांच्या पावत्या असलेली घरं होती. जंगल वाचवण्याच्या आदेशाची अर्धी बाजू भिंत बांधण्याची आणि पाडापाडीची होती, ती तडफेने झाली. दुसरी अर्धी घरं देण्याची होती. तिच्या तारखा न्यायालयात अजून पडत होत्या.

आणखी एक गट आहे, ज्याला आत-बाहेर हा हिशेबच लागू नाही. वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी यांचे पाडे उद्यानाच्या आधीपासून इथे आहेत. उद्यान त्यांच्याभोवती आखलं गेलं. वाघोबाला ते शेंदूर लावत आले आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करत आले, त्याला बिबट्या आणि माणूस कसे एकत्र राहतील यावरच्या कार्यशाळांची गरज पडली नाही. पहिला पाऊस झाला की त्यांच्यातल्या बायका स्टेशनच्या पुलाखाली शेवळं, टाकळा, कुलूची भाजी, मग कंटोळी घेऊन बसतात. मी जिच्याकडून घेते, ती शेवळं सोलून देत नाही, पण काकड मात्र न मागता टाकते, कारण काकडाशिवाय शेवळं खाल्ली तर घसा खाजतो.

"कुठून आणता मावशी, नॅशनल पार्कातून?" मी एकदा सहज विचारलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी साध्या वेशातली कुणीतरी आहे. "घराच्या मागनं," ती म्हणाली.

दोन्ही उत्तरं एकच आहेत. राष्ट्रीय उद्यानातून पानही नेता येत नाही, हा १९७२चा वन्यजीव कायदा. पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांचे हक्क मान्य करायचे, हा २००६चा वनहक्क कायदा. या दोन कायद्यांच्या मधे तिची टोपली आहे. तिच्या पाड्यावर नळ आणि वीज न्यायची तर राष्ट्रीय उद्यान म्हणून परवानग्या लागतात, आणि त्या लवकर येत नाहीत. पहाटे बूट घालून, पास दाखवून चालायला येणारे आम्ही पार्कवाले तिच्यापेक्षा कितीतरी कमी अडवले जातो. वनरक्षकाला हे कळत नाही असं नाही. त्याच्याबरोबर जाळरेषेवर डहाळी घेऊन उभा असलेला माणूस तिच्याच पाड्यावरचा असतो. बरेचदा तो बघून न बघितल्यासारखं करतो, आणि माझ्या मते या जंगलातलं निम्मं शहाणपण अशा कानाडोळ्यात आहे. पण कुणाच्या मेहरबानीवर कुणाचं जेवण चालावं ही काही व्यवस्था नव्हे. उद्या साहेब बदलला की कानाडोळाही बदलतो.

डिसेंबर २०१६मध्ये उद्यानाभोवती सुमारे ५९ चौरस किलोमीटरचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. कुठे शंभर मीटर, कुठे चार किलोमीटर रुंद. त्या पट्ट्यात काय बांधायचं, काय नाही, यावर समिती असते. बिल्डरांच्या जाहिरातीत याच पट्ट्याला 'फॉरेस्ट व्ह्यू' म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे लागतात. वनविभागाने जंगल राखलं, नफा खिडकीने कमावला. त्यातला एक रुपया जरी जाळरेषेवरच्या पायजम्यासाठी गेला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता खालून बोगदा येतो आहे. ठाणे ते बोरिवली, जवळपास पावणेबारा किलोमीटर, त्यातला दहा किलोमीटरहून जास्त भाग जमिनीखाली, म्हणजे बहुतेक उद्यानाच्या पोटातून. जुलै २०२४मध्ये भूमिपूजन झालं. घोडबंदरने जायला तास-सव्वा तास लागतो, बोगद्यातून पंधरा मिनिटं लागतील असं सांगतात. माझी बहीण ठाण्याला राहते. गायमुखच्या घाटात ट्रकच्या मागे अडकून मी ज्या शिव्या घातल्या आहेत, त्या आठवल्या तर या बोगद्याविरुद्ध मोर्चात जायचा मला नैतिक अधिकार नाही. डोंगरावरून सहापदरी रस्ता काढण्यापेक्षा खालून जाणं बरं, हेही मला पटतं. बिबट्याला डोक्यावरचा दिवा आणि हॉर्न त्रास देईल. वीस-तीस मीटर खोलातली गाडी कदाचित देणार नाही. तोंडांपाशी, जिथे बोगदा जमिनीवर येतो, तिथे मात्र झाडं जाणार, वस्ती हलणार, आणि खोदकामाचा दगड कुठेतरी टाकावा लागणार. अशा कामाला वनविभाग अटी घालतो, वन्यजीव मंडळाकडे कागद जातो, मंजुरी येते. वनरक्षक ज्यांना अडवू शकतो ते फाटकातून किंवा भगदाडातून येतात. हे मंत्रालयातून येतं.

होऊ दे बोगदा. पण त्याचं कंत्राट आहे, यंत्रं आहेत, पूर्ण होण्याची तारीख आहे, आणि तारीख चुकली तर विचारणारी माणसं आहेत. सात हजारांची पावती घेऊन बसलेल्या घरांनाही तशीच एक तारीख द्यावी, बोगदा उघडायच्या आधीची.